गिरगावातल्या वकीलबाई आणि मोजणीवाले काका: भूसंपादनाच्या कामाचा आमचा अनुभव

मी भांडुपच्या जुन्या गावठाणात पिठाची गिरणी चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेली, दोन चक्क्यांची. एकीवर गहू-ज्वारी, दुसरीवर मसाला सोडून बाकी सगळं. रस्त्याच्या एका प्रकल्पात ही गिरणी गेली. त्या कामात ज्या दोन माणसांची मदत घेतली, त्यांच्या सेवेबद्दल लिहिते आहे. अशी वेळ ज्यांच्यावर येते त्यांना काय विचारावं, कुणाला विचारावं हे कळत नाही. मलाही कळत नव्हतं.

सुरुवातीलाच सांगते, त्यांचं नाव इथे लिहिलेलं नाही. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून बाईंनीच सांगितलं की काय मदत झाली ते लिहा, नाव नको. संपादन करणाऱ्या कचेरीचं नावही लिहीत नाही. आमचं प्रकरण अजून चालू आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या गल्लीत अधिसूचना निघाली. आम्हाला पत्र मिळालं मार्चमध्ये, तेही सासऱ्यांच्या नावाने. सासरे २००९ साली वारले. पोस्टमन ओळखीचा, म्हणून त्याने गिरणीत आणून दिलं. आत २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ ची नोटीस होती आणि सोबत एक तक्ता. त्यात आमच्या सिटी सर्व्हे नंबरसमोर लिहिलं होतं: एकूण क्षेत्र ४६ चौरस मीटर, संपादन २७ चौरस मीटर. म्हणजे गिरणीचा पुढचा भाग जाणार आणि मागे १९ मीटरची पट्टी आमच्याकडे उरणार. तो कागद हातात घेऊन मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. हॉपर रिकामा होऊन दगड नुसताच फिरायला लागला, तेव्हा भानावर आले.

पुढच्या आठ दिवसांत तीन जण घरी येऊन गेले. ‘आमची वरपर्यंत ओळख आहे, जास्तीत जास्त रक्कम काढून देतो, जे मिळेल त्यातले दहा टक्के आमचे.’ एकाने तर कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागितली. माझी नणंद गिरगावात राहते. तिच्या चाळीत पुनर्विकासाच्या वेळी या वकीलबाईंनी काम केलं होतं. ती म्हणाली, वहिनी, कुठेही सही करू नकोस, आधी यांना भेट.

मी भेटले.

जागा गिरगावातल्या एका जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना लाकडी आणि उभा. माझे गुडघे दुखतात, म्हणून हे आधी लिहिते. पहिल्या भेटीला मी भांडुपहून दादरला उतरून गाडी बदलली आणि चर्नी रोडला गेले. आता मेट्रोचं गिरगाव स्टेशन झालंय, तेवढं सोपं. खोली दहा बाय बारा. एका टेबलाशी वकीलबाई, चाळिशीच्या. दुसऱ्या टेबलावर नकाशे पसरून त्यांचे मामा. ते भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणतात. पाटीवर फक्त बाईंचं नाव आणि खाली अॅडव्होकेट.

पहिल्या भेटीचे ५०० रुपये घेतले, पावती दिली. मी नोटीस पुढे केली. बाईंनी ती वाचायला घेतली आणि काकांनी विचारलं, ‘लिफाफा कुठाय?’ लिफाफा माझ्या पिशवीत होता खरा, पण त्याच्या मागच्या बाजूला मी कुणाचं किती दळण राहिलं ते लिहून ठेवलेलं. मला संकोच वाटला. काकांनी तो हातात घेऊन पोस्टाचा शिक्का खिडकीजवळ नेऊन पाहिला आणि बाईंना तारीख सांगितली. अधिसूचना निघून सव्वीस दिवस झाल्यावर पत्र पोस्टात पडलं होतं. हरकत घ्यायला कायद्याने साठ दिवस मिळतात. त्यातले निम्मे आम्हाला काही कळायच्या आतच संपले होते. तो लिफाफा, दळणाच्या हिशेबासकट, आमच्या हरकतीचा पहिला पुरावा झाला.

मग त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यावरूनच मला कळलं की आपण योग्य जागी आलो आहोत. मालमत्ता पत्रकावर कुणाकुणाची नावं आहेत? वारस किती? गिरणीच्या जागेत आणखी कुणी बसतं का? कधीपासून? भाड्याच्या पावत्या आहेत का? दळायला कोण येतं, किती लांबून? एवढं सगळं मला त्या तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, क्षेत्र किती.

आणखी कुणी बसत होतं. गिरणीच्या पुढच्या ओट्यावर पत्र्याच्या आडोशाला आमचे शिंपी मास्तर १९९४ पासून मशीन घेऊन बसतात. सासऱ्यांनी त्यांना जागा दिली, दरमहा भाडं घेतलं, पावती दिली. नोटिशीत मास्तरांचा उल्लेखही नव्हता. खरं सांगते, तोपर्यंत मीही त्यांचा विचार वेगळा केला नव्हता. मला वाटत होतं, आपलं प्रकरण मिटलं की बघू. बाईंनी कायद्याचं पुस्तक माझ्याकडे वळवून दाखवलं. जमीन नावावर नसली तरी जो भाडेकरू, कारागीर, मजूर संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात काम करतो आणि ज्याची रोजीरोटी त्यावर आहे, त्याचं कुटुंबही कायद्याने ‘बाधित कुटुंब’ ठरतं. १८९४ चा जुना इंग्रजी कायदा मुख्यतः जमिनीच्या पैशाचा हिशेब करायचा. पुनर्वसन हा त्याचा विषयच नव्हता. नव्या कायद्याच्या नावातच पुनर्वसन आणि पुनर्वसाहत आहे. बाई म्हणाल्या, ‘तुमची हरकत द्यायची तर त्यांचीही सोबत देऊ. नाहीतर मग तुम्ही दुसरा वकील बघा.’ इतकं स्पष्ट. मला ते आवडलं.

इथे थोडं माहेरचं सांगावं लागेल. माझं माहेर मुळशीचं. आजोबांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळा-निळेच्या संगमावर धरण बांधलं आणि १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा आजोबांनी लहानपणी कानाने ऐकलेली. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यातून सेनापती बापट झाले. आजी सांगायची की आमच्या घरची जमीन सावकाराकडे गहाण होती, त्यामुळे जमीन सरकारने घेतली तेव्हा पैसे सावकाराच्या हातात पडले आणि आमच्या माणसांनी डोक्यावर गाठोडं घेऊन डोंगर चढला. शेत कसणारा एक आणि कागदावर दुसराच. मास्तरांचं नाव नोटिशीत नाही हे बाईंनी दाखवलं तेव्हा मला आजीचं ते गाठोडं आठवलं. त्या दिवशी संध्याकाळी मी मास्तरांना चहाला बोलावून सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘काकू, मी तर जागा शोधायला लागलो होतो.’

आता कामाबद्दल.

सगळ्यात मोठं काम त्यांनी केलं ते कलम ९४ चं. २७ मीटर गेल्यावर उरणारी पट्टी काकांनी स्वतः येऊन मोजली. रविवारी सकाळी आले, टेप धरायला माझा मुलगा. पट्टीची खोली कुठे सहा फूट, कुठे पाच. तिच्यात चक्की बसत नाही, मोटर आणि पट्टा तर सोडाच. पुन्हा बांधायला परवानगी मिळण्याइतकीही ती जागा नव्हती. कायदा सांगतो की घर, कारखाना किंवा इमारतीचा फक्त एक भाग घ्यायचा असेल आणि मालकाने ‘घ्यायचंच तर सगळं घ्या’ असं म्हटलं, तर नुसता तुकडा घेता येत नाही. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यांनी नोटीस काढली त्यांनी नाही, टक्केवारीवाल्यांनी तर नाहीच. २७ मीटरचे पैसे घेऊन १९ मीटरची निरुपयोगी पट्टी आम्ही आयुष्यभर सांभाळत बसलो असतो, वर तिची घरपट्टी भरली असती.

हा अर्ज करावा की नाही यावर घरी खूप वाद झाले. धाकटे दीर म्हणाले, वडिलांची जागा, थोडी तरी राहू दे. त्यांचं म्हणणं मला समजत होतं. मागच्या भिंतीत सासऱ्यांनी बसवलेला देवीचा कोनाडा आहे. बाईंनी या वादात एक शब्दही काढला नाही. दोन्ही बाजूंचे परिणाम एका कागदावर मराठीत लिहून दिले आणि म्हणाल्या, ठरवायचं तुम्ही, घाई करू नका, पण हरकतीची मुदत या तारखेला संपते. आम्ही ठरवलं. सगळी जागा घ्या असा अर्ज दिला. सुनावणीत आधी कुरकुर झाली, पण काकांचा मोजणीचा नकाशा समोर ठेवल्यावर कचेरीने अर्ज मान्य केला. कोनाड्यातली मूर्ती आता घरी आहे.

दुसरं काम भावाचं. जमिनीचा भाव ठरवण्याची पद्धत मी आता कुणालाही तोंडपाठ सांगू शकते, कारण बाईंनी ती मला गव्हाच्या भावावरून समजावली. मुद्रांकासाठी सरकारचा जो दर असतो, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, तो एका बाजूला. दुसऱ्या बाजूला जवळपासच्या तशाच जागांची गेल्या तीन वर्षांतली खरेदीखतं. त्यातली सगळी धरायची नाहीत. सगळ्यात जास्त किमतीची निम्मी घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. या दोन्हींत जो आकडा मोठा, तो बाजारभाव. त्यात बांधकामाची किंमत मिळवायची. त्याआधी बाजारभावाला एका गुणकाने गुणायचं असतं: शहरात तो १, खेड्यात २ पर्यंत जाऊ शकतो. मग जेवढी रक्कम झाली तेवढीच आणखी दिलासा रक्कम म्हणून, म्हणजे शंभर टक्के. जुन्या कायद्यात १९८४ नंतर ती तीसच टक्के होती. शिवाय सामाजिक परिणाम अभ्यासाची (प्रकल्पाने लोकांवर काय परिणाम होईल त्याच्या पाहणीची) अधिसूचना निघाली त्या दिवसापासून निवाड्यापर्यंत (मोबदला ठरवणाऱ्या हुकमापर्यंत) किंवा ताबा घेईपर्यंत, जे आधी घडेल तोपर्यंत, बाजारभावावर वर्षाला १२ टक्के.

नोव्हेंबर २०२४ मध्ये निवाडा आला. त्यात कचेरीने चौदा खरेदीखतं धरली होती आणि चौदाचीही सरासरी काढली होती. काकांनी नोंदणी कार्यालयातून इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदीचा उतारा) काढून प्रत्येक खत तपासलं. दोन खतं भावाभावांत झालेली, किंमत नावापुरती. एक तर आमच्या गावठाणातलं नव्हतंच, डोंगराकडच्या उतारावरचं. वरच्या सातांची सरासरी काढली की आकडा बराच वर जातो. किती ते लिहीत नाही, तोच वाद वाढीव मोबदल्याचे अर्ज ऐकणाऱ्या प्राधिकरणापुढे आहे.

इथे मला मनापासून एक गोष्ट म्हणायची आहे. मुंबईत जमिनीच्या व्यवहाराचा खरा आकडा आणि कागदावरचा आकडा यांत किती अंतर असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकार मोबदला देतं तो कागदावरच्या आकड्यावर. म्हणजे ज्याने कधी जागा विकली नाही, काही लपवलं नाही, त्याने दुसऱ्यांनी चुकवलेल्या मुद्रांकाचा फटका का सोसायचा? वरच्या निम्म्या खतांचा नियम याच अन्यायावरचा थोडासा उतारा आहे. तोही पाळला जात नसेल तर कायदा चांगला असून काय उपयोग.

तिसरी गोष्ट छोटी वाटेल, पण माझ्या मते या सेवेचं सगळ्यात मोठं मोल तिच्यात आहे. पैसे घ्यायला जायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, ‘उद्या पावतीवर सही करण्याआधी हे वाक्य लिहायचं: वाढीव मोबदल्याचा हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम स्वीकारत आहे. त्याखाली सही. तारीख. आणि झेरॉक्स घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.’ मी म्हटलं, मॅडम, निषेध लिहिला तर ते चिडतील. त्या म्हणाल्या, ‘चिडू देत. कायद्यातच आहे.’ कलम ७७. निषेध न नोंदवता ज्याने रक्कम घेतली, त्याला कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. खिडकीवरच्या कारकुनाने मला विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, लिहायला सांगितलंय. हात थरथरत होता, पण लिहिलं.

आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी तसं लिहिलं नाही. भला माणूस, निवृत्त. त्यांना वाटलं सरकार देतंय ते बरोबरच असेल. नंतर माझ्याकडून ऐकलं आणि हातपाय गाळून बसले. मी त्यांना गिरगावला घेऊन गेले. बाईंनी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, अजून एक वाट आहे. एकाच अधिसूचनेतल्या कुणाला प्राधिकरणाने वाढवून दिलं, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत बाकीच्यांना कलम ७३ खाली तोच भाव मागता येतो. म्हणजे आमचा निकाल आमच्यापुरता राहत नाही. तेव्हापासून ते गृहस्थ आमच्या प्रत्येक तारखेला येतात. जिना चढताना मला हात देतात.

सामाजिक परिणाम अभ्यासाबद्दल थोडक्यात. त्याची जनसुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये कामाच्या दिवशी अकरा वाजता झाली होती आणि आमच्यापैकी फार थोडे गेले होते. अहवाल इंग्रजीत. तो स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यायचा असतो, हे बाईंनी आम्हाला लेखी मागायला लावलं. मराठी सारांश हातात आल्यावर गल्लीतल्या बायकांनी तो वाचला आणि त्यात सार्वजनिक नळ आणि पिंपळाचा पार यांचा उल्लेखच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. नळ आता पुढे हलवून मिळाला. पाराचं अजून काही नाही.

काका बोलके आहेत. काम सुरू असताना ते जुनं काहीबाही सांगतात आणि मला ते ऐकायला आवडतं. चाळीच्या गॅलरीतून थोड्या अंतरावर सरदार पटेल रोडची वर्दळ ऐकू येते. तो पूर्वीचा सँडहर्स्ट रोड. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि ट्रस्टने दाट वस्तीतून घरं घेऊन, पाडून हे रस्ते काढले. हवा खेळू लागली हे खरं, पण ज्यांच्या खोल्या गेल्या ते गरीब शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत शिरले. काका म्हणतात, मुंबईचा प्रत्येक रुंद रस्ता कुणाच्या तरी घरातून गेलाय, रस्ता वाईट नाही, पण ते घर कुणाचं होतं ते लिहून ठेवलं पाहिजे.

नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांनी जागतिक बँकेच्या पैशांतून चाललेल्या मुंबईतल्या रेल्वे-रस्ते प्रकल्पाच्या पुनर्वसनाचं कामही जवळून पाहिलं. राज्याने १९९७ मध्ये त्या प्रकल्पासाठी पुनर्वसनाचं धोरण आणलं, झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचं घर. देशात तेव्हा एवढंही कुठे फारसं नव्हतं. पण मानखुर्दच्या इमारतींत माणसं गेली आणि धंदे मागे राहिले. दुकानदारांसह रहिवाशांच्या तक्रारी जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलपर्यंत गेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने थांबवले. काका म्हणाले, ‘वहिनी, घर मोजायला टेप पुरते. गिऱ्हाईक कशाने मोजणार?’ म्हणूनच त्यांनी माझ्याकडून दळणाच्या तीन वर्षांच्या वह्या मागून घेतल्या होत्या. धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्च मोबदल्यात धरायचा असतो. चक्क्या उतरवणं, पाया घालणं, थ्री फेज मीटर नव्याने घेणं, हा सगळा खर्च बिलांसह मांडला आणि त्यातला बराचसा मंजूर झाला. गिऱ्हाईक तुटलं त्याचं काही मिळालं नाही. भाजणीसाठी दिवाळीत येणाऱ्या म्हाताऱ्या आज्या दोन गल्ल्या जास्त चालू शकत नाहीत. त्यांचं दळण माझा मुलगा सायकलवरून नेतो आणि आणतो.

२०२४ च्या पावसाळ्यात बाईंनी मला सर्वोच्च न्यायालयाचा एक ताजा निकाल वाचून दाखवला. कोलकाता महापालिका विरुद्ध बिमल कुमार शाह, १६ मे २०२४. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला गेला आणि कलम ३०० अ मध्ये राहिला, म्हणजे त्यात फारसा दम उरला नाही असं सर्वसाधारण समजलं जातं. या निकालात न्यायालयाने त्याच कलमातून सात गोष्टी काढल्या: आधी कळवणं, म्हणणं ऐकणं, कारणं देऊन निर्णय देणं, सार्वजनिक हेतूसाठीच घेणं, योग्य मोबदला, वेळेत आणि नीट प्रक्रिया, आणि शेवटी ती पूर्ण करून जमीन रीतसर ताब्यात घेणं. नुसते पैसे दिले म्हणून बाकीचं माफ होत नाही. बाई वाचत होत्या आणि मी मनात आमच्या गल्लीशी ताडून बघत होते. कळवणं: मेलेल्या माणसाला. ऐकणं: मुदत अर्धी संपल्यावर. कारणं: तीन ओळींत.

रस्ता नको असं आम्ही कधीच म्हटलं नाही. आमच्या गल्लीत अॅम्ब्युलन्स शिरत नव्हती, माझ्या सासूबाईंना खुर्चीवरून बाहेर न्यावं लागलं होतं. रस्ता व्हावा. पण आमच्याशी माणसांसारखं बोलून व्हावा.

आता उणिवा. वारसांच्या नोंदीला किती वेळ लागेल हे त्यांनी आधी नीट सांगितलं नाही. मालमत्ता पत्रकावर सासरे आणि त्यांचे दोन भाऊ, एकूण नऊ वारस, त्यातली एक चुलत नणंद बडोद्याला. नोंदी व्हायला पाच महिने गेले आणि तेवढा काळ आम्ही जीव मुठीत धरून होतो. पहिल्याच भेटीत ‘आधी हे काम काढा’ असं ठणकावून सांगायला हवं होतं. एकदा टायपिंगमध्ये सिटी सर्व्हे नंबरातला एक आकडा चुकला आणि मला दोन खेपा घालाव्या लागल्या. बाईंनी चूक कबूल केली, पण माझे दोन दिवस गिरणी बंद राहिली. फोन फक्त संध्याकाळी सहा ते सात. मे महिन्यात न्यायालयाच्या सुट्टीत तर त्या भेटतच नाहीत. मास्तरांसाठीही मला वाटलं होतं तेवढं झालं नाही. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कारागीर आणि छोट्या व्यापाऱ्यासाठी किमान २५,००० रुपये आणि पुनर्वसन भत्ता ५०,००० रुपये आहे. ते मंजूर झालं, मिळायला चार महिने लागले. तीस वर्षांच्या बैठकीचे एवढेच. पण हा दोष बाईंचा नाही, अनुसूचीचा आहे. ते किमान आकडे आहेत, आणि किमान म्हणजे कमाल असंच सगळीकडे धरलं जातं.

फीबद्दल. हरकतींचा अर्ज आणि सुनावण्या मिळून ६,००० रुपये, कलम ६४ च्या अर्जाचे १५,०००, नकला आणि मोजणीचा खर्च झाला तेवढा. मास्तरांच्या अर्जाचे काही घेतले नाहीत. टक्केवारी नाही. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा बाई म्हणाल्या की निकालाच्या रकमेत वाटा ठरवून काम घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. त्या तिघांपैकी एकाच्या मागे लागून दहा टक्के कबूल केले असते तर किती गेले असते, याचा हिशेब मी केला होता. तेवढ्यात नवीन गाळ्याची अनामत भरली गेली. निवाड्याच्या रकमेवर आयकर लागत नाही हेही त्यांनीच बँकेत लेखी द्यायला लावलं. कलम ९६.

मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा वारस नोंदीसाठी कापला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर जाताना मालमत्ता पत्रक ताजं काढून न्या, भाडेकरू असतील तर त्यांच्या पावत्या न्या, त्यांनाही सोबत न्या, आणि नोटिशीचा लिफाफा फेकू नका. पत्ता हवा असेल तर गिरणीत या. आता ती दोन गल्ल्या पलीकडे आहे, बंद पडलेल्या सायकलच्या दुकानाशेजारी. बाहेर मास्तरांचं मशीन दिसेल.